बेरीज ६०० भरली, पण विमान भरलं का? दोन आसनी विमानाचं वजन आणि सीजी

प्रश्न विचारणारे गृहस्थ ठाण्याला घोडबंदर रोडवर राहतात. त्यांनी आणि त्यांच्या मेव्हण्यांनी मिळून दोन आसनी लाइट स्पोर्ट विमान घेतलं आहे. ते घाटावरच्या एका खासगी धावपट्टीवर उभं असतं. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: "मॅन्युअलमध्ये रिकाम्या विमानाचं वजन ३३१ किलो दिलंय. मी ८५, मेव्हणे ९२. टाकी भरून १०० लिटर, म्हणजे ७२ किलो. मागे सामान २० किलो. बेरीज बरोबर ६०० येते आणि मर्यादाही ६०० आहे. मग सीजी, म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य, काढायची कटकट खरंच लागते का? आम्ही अख्खं विमान खाली उतरवणारं पॅराशूट आणि एक नवा स्क्रीन बसवला आहे. वजन वाचवायला शिशाची बॅटरी काढून लिथियमची टाकायचं मनात आहे. त्याने काही बिघडेल का?"

मी विमान देखभाल अभियंता. नोकरीची सगळी वर्षं हँगरमध्ये गेली, आता निवृत्त होऊन ऐरोलीत राहतो. सविस्तर लिहितोय, कारण हा प्रश्न फक्त या दोघांचा नाही. लहान विमानं घेणारी मंडळी वाढली आहेत आणि बहुतेकांचा हिशेब इथेच, पहिल्या बेरजेवर थांबतो.

माझा पहिला प्रश्न त्यांना असा होता की हे ३३१ कोणाचं वजन आहे? मॅन्युअलच्या छापील पानावर जो आकडा असतो तो त्या मॉडेलच्या साध्या, कमीत कमी सामानाच्या विमानाचा असतो. तुमच्या विमानाचा आकडा वेगळा असतो. तो तुमच्या अनुक्रमांकाच्या वजन-नोंदीत, म्हणजे वेट शेड्यूलमध्ये सापडतो, आणि तिथेही तो शेवटच्या बदलानंतरचा आहे का हे तारखेवरून बघावं लागतं. यांच्याकडची नोंद पॅराशूट बसवण्याआधीची निघाली. मोबाईलमधल्या ॲपमध्ये तर छापील ३३१ भरून ठेवलेले होते, आणि ॲप काही विचारत नाही. जे भरलं त्यावर ते हिरवी खूण दाखवतं.

म्हणून मी सांगितलं, आधी विमान काट्यावर घ्या, मग बोलू. त्यांनी घेतलं. पुढचे सगळे आकडे त्यांच्याच विमानाचे आहेत. तुमच्या विमानाला ते लावू नका. पद्धत तेवढी घ्या.

तीन चाकांखाली तीन काटे. पुढचं चाक ७८.० किलो, डावं १३६.५, उजवं १३४.५. एकूण ३४९.०. मॅन्युअलपेक्षा १८ किलो जास्त. पॅराशूट १३ किलो, स्क्रीन आणि त्याच्या तारा मिळून २ किलो. उरलेल्या ३ किलोंचा धनी सापडला नाही. रंगाचा दुसरा हात, जाड सीट कव्हर, कुणीतरी घातलेलं कार्पेट, अशा गोष्टींत ते जातं. विमान वयाबरोबर जड होतं, हलकं झालेलं मी क्वचित पाहिलं आहे.

म्हणजे पहिली बेरीजच मोडली. ३४९ + १७७ + ७२ + २० = ६१८. मर्यादेपेक्षा १८ किलो वर.

ही ६०० ची रेघ आली कुठून, तेही सांगतो. अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या हवाई वाहतूक नियामकाने, २००४ मध्ये लाइट स्पोर्ट विमानांचा वर्ग केला तेव्हा जमिनीवरून उडणाऱ्यांसाठी १,३२० पौंड, म्हणजे ६०० किलो, आणि पाण्यावरून उडणाऱ्यांसाठी ६५० किलो अशी कमाल मर्यादा घातली. या वर्गातली विमानं बहुधा एएसटीएम या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या एफ२२४५ या मानकावर बांधलेली असतात. त्यात ढाचा अधिक ४ आणि उणे २ जी (जी म्हणजे गुरुत्वाच्या किती पट) एवढा भार सोसेल असा धरलेला असतो, आणि तो त्या कमाल वजनावर धरलेला असतो. १८ किलो जास्त झाले म्हणून पंख लगेच मोडणार नाही. पण स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान तोलून धरू शकत नाही तो वेग, साधारण दीड टक्क्याने वाढतो, टेकऑफची धाव त्याहून बरीच जास्त वाढते, चढण्याचा वेग घटतो. आणि यांची धावपट्टी घाटावर आहे. समजा उंची २,००० फूट आणि एप्रिलमधल्या दुपारचं तापमान ३५ अंश. प्रमाण वातावरणात त्या उंचीला ११ अंश असायला हवेत. २४ अंशांचा फरक, दर अंशाला सुमारे १२० फूट. म्हणजे विमानाच्या लेखी ती धावपट्टी जवळपास ४,९०० फुटांवर आहे. तिथे १८ किलो जास्त घेऊन जाणं म्हणजे पट्टीच्या टोकाला असलेल्या झाडांशी हिशेब करणं आहे.

वजनाची चूक निदान लवकर कळते. विमान रेंगाळतं, उचलत नाही, वैमानिकाला जाणवतं. जागेची चूक तशी कळत नाही, आणि मला काळजी तिची वाटते.

आता जागेचा हिशेब. विमानावर एक स्थिर रेघ ठरवलेली असते, तिला डेटम म्हणतात. ती कुठे आहे हे मॅन्युअल सांगतं. काहींची फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीवर, काहींची प्रोपेलरच्या तोंडाशी. यांच्या विमानात ती पंखाच्या पुढच्या कडेवर आहे. त्या रेघेपासून मागे असलेलं अंतर अधिक, पुढे असलेलं उणे. या अंतराला आर्म म्हणतात. वजन गुणिले आर्म म्हणजे मोमेंट. सगळ्या मोमेंटची बेरीज भागिले एकूण वजन म्हणजे गुरुत्वमध्य, म्हणजे सीजी. शाळेतल्या गणिताच्या पलीकडे यात काही नाही. चूक होते ती बहुतेक वेळा उण्याच्या चिन्हात किंवा एककात.

पुढचं चाक डेटमच्या पुढे ७८० मिमी, म्हणजे आर्म उणे ७८०. मागची दोन्ही चाकं ६२० मिमी मागे.

पुढचं चाक: ७८ × (−७८०) = −६०,८४०
मागची चाकं: २७१ × ६२० = १,६८,०२०
बेरीज: १,०७,१८०

भागिले ३४९. रिकाम्या विमानाचा सीजी ३०७.१ मिमी. मॅन्युअलच्या पानावर तो २८६ होता. पॅराशूट आसनांच्या मागे ९५० मिमीवर बसलं आहे, त्यामुळे सीजी २१ मिमी मागे सरकला. उड्डाणात सीजी २६० ते ४१० मिमीच्या मध्ये असावा अशी या विमानाची मर्यादा आहे. पंखाची सरासरी जीवा, म्हणजे पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी, १,३०० मिमी. म्हणून काही मॅन्युअलांत हीच मर्यादा जीवेच्या २० टक्के ते ३१.५ टक्के अशी लिहिलेली दिसेल. एकूण पट्टा १५० मिमीचा, त्यातले २१ एका पॅराशूटच्या निमित्ताने गेले.

आता माणसं बसवू. आसनांचा आर्म ५६०, पंखातल्या टाक्यांचा २८०, सामानाच्या कप्प्याचा १,१५०.

रिकामं विमान: ३४९ किलो, मोमेंट १,०७,१८०
दोघे जण: १७७ किलो × ५६० = ९९,१२०
इंधन: ७२ किलो × २८० = २०,१६०
सामान: २० किलो × १,१५० = २३,०००
एकूण: ६१८ किलो, मोमेंट २,४९,४६०
सीजी: ४०३.७ मिमी

सीजी आत आहे, वजन बाहेर आहे. इथे सगळे जे करतात तेच यांनी केलं. "१८ किलो इंधन कमी घेतो," म्हणाले, "७५ लिटर पुरतात आम्हाला." तर ५४ किलो इंधन धरू. वजन ६००. मोमेंट २,४४,४२०. सीजी ४०७.४. दोन्ही आत! कागदावर सही करून उडायला मोकळे.

पण विमान खाली उतरतं तेव्हा त्याची टाकी उडतानाइतकी भरलेली नसते. या विमानात इंधन २८० वर आहे, म्हणजे भरलेल्या विमानाच्या सीजीच्या पुढे. इंधन जळत जाईल तसतसा पुढचा भार हलका होत जातो आणि सीजी मागे सरकत जातो. उतरताना १२ किलो, म्हणजे सुमारे १७ लिटर उरलं असं धरा. वजन ५५८. मोमेंट २,३२,६६०. सीजी ४१७.०. मागची मर्यादा ४१०. विमान आत राहून उडालं आणि हवेत कुठेतरी, कुणाला न कळता, मर्यादेबाहेर गेलं. आणि ते बाहेर असताना वैमानिक सगळ्यात नाजूक काम करणार आहे: कमी वेगात, जमिनीजवळ, वळून उतरणं.

माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा हाच आहे. टेकऑफचा एक हिशेब पुरत नाही. उडताना, उतरताना आणि टाकी पूर्ण कोरडी, अशा तिन्ही स्थितींचा सीजी काढा आणि तिन्ही बिंदू मर्यादेत येत असतील तरच निघा. मॅन्युअलमधलेच आकडे घेतले असते तर टेकऑफला ३९४.९ आणि उतरताना ४०७.७ आलं असतं, म्हणजे दोन्ही आत. खऱ्या वजनाने तीच सहल बाहेर जाते.

यांना उपाय काय दिला? इंधन नाही, सामान कमी करा. २० चं १० किलो करा आणि इंधन ६४ किलो, म्हणजे जवळपास ८९ लिटर घ्या. वजन पुन्हा ६००. टेकऑफला सीजी ३९२.९, उतरताना ४०३.६, टाकी कोरडी झाली तरी ४०६.३. तिन्ही आत, आणि वर इंधनही जास्त. मागचा एक किलो काढल्याने जे मिळतं ते पंखातला एक किलो काढून मिळत नाही. काही विमानांत टाकी आसनांच्या मागे असते. तिथे इंधन जळताना सीजी पुढे येतो आणि सगळी चिंता उलटी होते. म्हणून दुसऱ्याच्या विमानाचा शहाणपणा आपल्या विमानात आणू नये.

मागे सरकलेला सीजी इतका वाईट का, हे स्कूटरवरून समजेल. मागच्या कॅरिअरवर सिमेंटची गोणी ठेवली की हँडल हलकं लागतं. सुरुवातीला ते बरंही वाटतं, पुढचं चाक जमीन सोडायला लागेपर्यंत. विमानात स्टिक, म्हणजे वैमानिकाच्या हातातला दांडा, अशीच हलकी होते. थोडं ओढलं तरी नाक झपकन वर जातं. सीजी पुढे असताना विमान आपणहून नाक सावरतं; मागे गेल्यावर ही सवय कमी होत जाते आणि एका बिंदूनंतर उरतच नाही. अशा विमानाला स्टॉल आला तर नाक खाली पडायला हवं, ते पडत नाही. स्पिन, म्हणजे गरगरत खाली येणं, सपाट होऊ शकतो आणि एलेव्हेटरची (शेपटावरच्या, नाक वर-खाली करणाऱ्या पट्टीची) ताकद त्यातून काढायला पुरत नाही.

पुढे गेलेला सीजी वेगळा त्रास देतो. नाक जड, उतरताना फ्लेअर करायला, म्हणजे टेकण्याआधी नाक वर घ्यायला, स्टिक पूर्ण ओढली तरी नाक उचलत नाही, आणि पुढचं चाक आधी आपटतं. या विमानात ती भीती नाही. ६० किलोचा एकटा वैमानिक आणि भरलेली टाकी धरली तरी ३३४.६ येतात, २६० पासून खूप लांब. तरी हिशेब करून पाहिला, आणि तुम्हीही करून पाहा.

आता बॅटरीचा प्रश्न. वजन वाचवण्याच्या नादात लोक जिथे फसतात अशा जागांपैकी ही एक आहे. शिशाची बॅटरी ६.५ किलोची, लिथियमची २ किलोची. साडेचार किलो वाचले, आनंद आहे. पण बॅटरी फायरवॉलजवळ आहे, डेटमच्या पुढे ५०० मिमीवर. तिथून ४.५ किलो काढले म्हणजे उणे २,२५० मोमेंट गेला. बेरजेत २,२५० अधिक झाले. रिकामं विमान ३४४.५ किलो, मोमेंट १,०९,४३०, सीजी ३१७.६. विमान हलकं झालं आणि सीजी १० मिमीहून जास्त मागे गेला. वरच्या सुधारलेल्या, १० किलो सामानाच्या हिशेबात उतरतानाचा सीजी ४०३.६ होता, तो आता ४११.१ होतो. पुन्हा बाहेर. म्हणजे साडेचार किलो वाचवून तुम्ही आपल्या सामानाचे आणखी किलो घालवलेत. लिथियम टाकायचीच असेल तर आधी उत्पादकाची त्या विमानासाठी संमती बघा, कारण चार्जिंगचा व्होल्टेज आणि आगीची बाजू वेगळी आहे; आणि ही बेरीज बॅटरी विकत घेण्याआधी करा.

शेपटाकडचं वजन याहून वाईट. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, ही विमानं उभी असतात. शेपटाच्या पोकळीला खाली पाणी जायला भोकं ठेवलेली असतात आणि त्या भोकांत कुंभारमाशी मातीचं घर करते. आत पाणी साचलं, फक्त एक किलो, म्हणजे एक लिटर, आणि ती जागा डेटमपासून ३,९०० मिमी मागे असली, तर रिकाम्या विमानाचा सीजी ३०७.१ वरून ३१७.४ वर जातो. एक लिटर पाणी, दहा मिमी. म्हणून दसऱ्याच्या सुमारास विमान बाहेर काढता तेव्हा पुसून, हार घालून थांबू नका. तारेने ती भोकं मोकळी करा, शेपूट हलवून आत काही वाजतंय का ऐका. हँगरमध्ये शिकायला येणाऱ्यांना आम्ही हे पहिल्याच आठवड्यात करायला लावायचो.

वजन घेण्याच्या पद्धतीबद्दल लिहितो, कारण पुढची सगळी अचूकता तिथे ठरते. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आणि इकडे रबाळे-महापे पट्ट्यात औद्योगिक काटे विकणारे आणि भाड्याने देणारे मिळतात. काटा मागताना नुसतं "विमान तोलायचंय" सांगितलं तर तुम्हाला पाच टनाचा प्लॅटफॉर्म देतील, ज्याचा सगळ्यात लहान भाग एक-दोन किलोचा असतो. तो उपयोगाचा नाही. प्रत्येक चाकाला ३०० ते ५०० किलो क्षमतेचा आणि १०० किंवा २०० ग्रॅमपर्यंत वाचणारा काटा मागा. त्याच्यावर वैधमापन विभागाचा शिक्का असतो तो व्यापारासाठी. तुम्हाला हवं ते कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचं, मुदतीतलं, आणि तुम्ही मोजणार त्या वजनांच्या टप्प्यात तपासलेलं. ७८ किलो मोजणारा काटा २०० किलोपासून पुढेच तपासलेला असेल तर त्या कागदाचा पुढच्या चाकाला आधार नाही. घरातले बाथरूमचे काटे तीन मांडून केलेलं वजन मी नोंदीसाठी धरत नाही.

हँगरचं दार बंद, पंखे बंद. पंखावरून वारा गेला की काट्यावरचा आकडा हलतो, कारण पंख त्याचं काम करायला लागतो. विमान धुतलेलं आणि पूर्ण वाळलेलं. इंधन मॅन्युअल सांगेल त्या स्थितीला, बहुधा न वापरता येणारं तेवढंच आत ठेवून. तेल पूर्ण भरलेलं. आत पडलेले चार्ट, छत्री, पाण्याच्या बाटल्या, टोइंगचा दांडा बाहेर काढायचा. अग्निशामक आणि यादीतलं सामान मात्र आपापल्या जागी. काटे चालू करून अर्धा तास तापू द्या. ब्रेक सोडलेले ठेवा, नाहीतर चाकं काट्यांना आडवी ढकलतात. चाकांखालचे लाकडी ठोकळे वेगळे तोलून वजा करा.

मग विमान समतल करा. कुठे लेव्हल ठेवायची ते मॅन्युअल सांगतं. पुढच्या टायरची हवा कमी करून किंवा खाली पट्टी देऊन ते साधतं. नाक वर राहिलं तर भार मागच्या चाकांवर सरकतो आणि सगळी बेरीज फिरते.

आणि आर्म मोजा. मी हे दोनदा लिहिलं असतं तरी चाललं असतं. छापलेला चाकाचा आर्म घेऊ नका, कारण या वर्गातल्या विमानांचे मागचे पाय लवचिक असतात, भार आला की पसरतात, आणि वर्षानुवर्षांच्या आपट्यांनी थोडे बसतातही. पंखाच्या पुढच्या कडेवरून ओळंबा सोडा, फरशीवर खडूने खूण करा. चाकांच्या आसाच्या मध्यातून ओळंबा सोडा, तिथे खूण करा. स्टीलच्या टेपने दोन खुणांमधलं अंतर घ्या. मागच्या चाकांच्या आर्ममध्ये १० मिमीची चूक झाली तर मोमेंटमध्ये २,७१० चा फरक पडतो आणि सीजी जवळपास ८ मिमी चुकतो. या विमानाला सुधारलेल्या हिशेबात उतरताना उरलेली जागा साडेसहा मिमीसुद्धा नाही. लाखभराचे काटे आणून टेप घाईत धरणारे लोक मी पाहिले आहेत. विमान काट्यांवरून पूर्ण उतरवा, पुन्हा चढवा, तीनदा वाचा. तिन्ही वेळचे आकडे जुळत नसतील तर कारण शोधा, सरासरी काढून पुढे जाऊ नका. डाव्या-उजव्या चाकात यांचा दोन किलोचा फरक आला, तो चालतो. दहा किलोचा आला असता तर मी आधी फरशीचा उतार आणि टायरची हवा बघितली असती.

माणसांचं वजनही काट्यावर. आपल्याकडे पाहुण्याला वजन विचारणं अवघड वाटतं आणि विचारलं तरी तो गेल्या वर्षीचं सांगतो. हँगरमध्ये एक साधा काटा ठेवा आणि सगळ्यांनाच, वैमानिकालाही, बूट, हेडसेट आणि हातातल्या पिशवीसकट त्यावर उभं करा. सगळे उभे राहिले की कुणाला वाईट वाटत नाही. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं उडतात. त्यांचीही लोडशीट, म्हणजे भाराचा कागद, याच गणितावर बनते, पण तिथे माणसाचं ठरावीक सरासरी वजन धरलेलं असतं. दीड-दोनशे प्रवाशांत जाड-बारीक एकमेकांना सांभाळून घेतात. विमान लहान होत जातं तशी सरासरी दगा देते. ८ जानेवारी २००३ ला अमेरिकेत शार्लट इथे एअर मिडवेस्टचं बीचक्राफ्ट १९००डी टेकऑफ करतानाच नाक वर होऊन कोसळलं, २१ जण गेले. एलेव्हेटरच्या केबल चुकीच्या बसवल्या होत्या, आणि त्यातच विमान जास्त भरलेलं आणि सीजी मर्यादेच्या मागे होता. कागदावर सगळं आत होतं, कारण कागदावर सरासरी माणसं बसली होती. त्यानंतर एफएएने धरायची सरासरी वजनं वाढवली. दोन आसनी विमानात सरासरी नावाची गोष्टच नाही.

इंधनाचं थोडं. एव्हगॅस १०० एलएल, म्हणजे विमानाचं पेट्रोल, लिटरला सुमारे ०.७२ किलो भरतं, म्हणून वर ७२ आले. पंपावरचं पेट्रोल ०.७२ पासून ०.७७५ पर्यंत कुठेही असू शकतं. १०० लिटर ७५ किलोही भरू शकतं. तेव्हा कोणतं इंधन घालताय ते हिशेबात लिहा. यांचं इंजिन रोटॅक्स ९१२ मालिकेतलं आहे. त्याला इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच चालतं आणि आपल्या पंपांवर आता २० टक्क्यांचं मिळतं. हा वजनाचा मुद्दा नाही, पण तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आणि एककं: मॅन्युअल अमेरिकन असेल तर पौंड, गॅलन, इंच. पूर्ण हिशेब त्याच एककांत करा आणि शेवटी एकदाच किलोत आणा. १ पौंड ०.४५३६ किलो, १ अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटर. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं बोइंग ७६७ हवेतच इंधन संपून गिमली इथे इंजिनांशिवाय उतरवावं लागलं. लिटरचे किलो करायला ०.८ ने गुणायचं होतं, तिथे पौंडांचा १.७७ हा गुणक वापरला होता. तिथे अनुभवी माणसं होती, एकापेक्षा जास्त होती, आणि सगळ्यांच्या डोळ्यांखालून तो आकडा गेला.

आता या दोघांनी पुढे काय करायचं ते सांगतो. नवीन वजन आणि सीजी परवानाधारक अभियंत्याकडून नोंदीत चढवून घ्या. मालकाच्या वहीतला आकडा नोंद ठरत नाही. जुनं वेट शेड्यूल रद्द अशी खूण करून मागे लावा, फाडू नका. ॲपमधले ३३१ आणि २८६ काढून ३४९ आणि ३०७.१ घाला, आणि ते मेव्हण्यांच्या फोनमध्येही घाला. सामानाच्या कप्प्यावर २० किलोची पाटी आहे ती त्या फळीच्या ताकदीची आहे. त्याच्या शेजारी "दोघे असताना १० किलो" अशी स्वतःची पाटी लावा, कारण घाईत मॅन्युअल कोणी उघडत नाही.

यापुढे एखादी लहान वस्तू बदलली, तिचं वजन आणि जागा नक्की माहीत असेल, तर वर बॅटरीचा केला तसा कागदावर हिशेब करून नोंद पुरते. पण रंग नव्याने दिला, अपघाताची दुरुस्ती झाली, किंवा लहान लहान बदल साचत गेले तर पुन्हा काट्यावर घ्या. रंगाच्या वेळी एलेव्हेटर आणि रडरचा (शेपटावरच्या, नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पट्टीचा) स्वतःचा तोलही तपासून घ्या. तो बिघडला तर फ्लटरचा, म्हणजे ती पट्टी हवेत जोरात फडफडण्याचा, धोका असतो आणि तो विमानाच्या एकूण वजनात दिसत नाही. पॅराशूट मुदतीनंतर रीपॅकसाठी, म्हणजे नव्याने घडी घालायला, काढाल तेव्हा ते नसताना विमान उडवायचं असेल तर त्या काळाचा हिशेब वेगळा करा: १३ किलो आणि १२,३५० मोमेंट वजा. रिकामं विमान ३३६ किलो, सीजी २८२.२. तो कागद विमानात ठेवा, आणि पॅराशूट परत बसलं की त्याच दिवशी काढून टाका.